गोलाच्या बांबूवरचा वेल

रविवार, संध्याकाळ. फुलसावंगी.

वर्ल्डकप संपून पंधरवडा झाला आणि मले भेव वाटून राह्यलं. आज वावरात फुटबॉल खेळायले फक्त तीन पोरी आल्या. फायनलच्या आदल्या दिवशी अर्ध्या गावच्या पोरी तिथं होत्या. कुठं गेल्या साऱ्या?

वावराचा रस्त्याकडचा तुकडा मीच हौसेनं खेळासाठी न पेरता ठेवला. गोलासाठी बांबू रोवले, चुन्यानं रेघ मारली. लोक हसले. आमची पोरगी स्वाती मात्र गळ्यातच पडली. गोलकीपर झाली.

सकाळी शोभा म्हणे, "उशीर झाला, पण त्या तुकड्यात तूर अजून टोबता येते. टीव्हीवर मॅच नाही, त् कोन येते खेळायले?"

मी भडकलो. काहून भडकलो? बायको खरं बोलली म्हणून? फायनलनंतर मी तरी एक मॅच पाह्यली काय? नाही.

तूर टोबली आणि स्वाती रडली, तर तिले समजावता येईल. पण ती रडलीच नाही तर? "टोबा ना बाबा," असं सहज म्हणाली तर? तेच भेव दिवसभर घेऊन फिरलो.

आत्ता त्या बांबूंजवळ गेलतो. डाव्या बांबूवर दोडक्याचा वेल वीतभर चढलेला, सुतळीनं नीट बांधलेला. घरी येऊन शोभावर ओरडलो, "वेल लावाले गोलाचाच बांबू सापडला काय तुले?"

तिनं भाकरी उलटवली. माझ्याकडं पाह्यलंही नाही.

"मी कायले लावू? तुमच्या गोलकीपरनं लावला."