डोकं पूर्वेला असलेल्या दोन कबरी

मी, प्रेंक मार्कू, वय चौऱ्याहत्तर, राहणार गुरीबार्ध, उत्तर आल्बेनिया, आधी चर्चचा सेवेकरी आणि नंतर एकतीस वर्षं नगरपालिकेचा कबर खोदणारा, लिहून ठेवतो की माझी छाती निकामी झाली असली तरी डोकं शाबूत आहे. हे लिहायला मला कोणी धमकावलेलं नाही आणि टेबलावर पिस्तूल ठेवलेलं नाही. हा खुलासा मुद्दाम करतो, कारण आयुष्यात एका महत्त्वाच्या कागदावर मी सही केली, तेव्हा ते ठेवलेलं होतं.

१. राहतं घर, मागची द्राक्षवेल आणि दारू गाळायचं तांब्याचं भांडं माझी एकुलती एक मुलगी वितोरे हिला. छप्पर उत्तरेकडून गळतं. तीन वर्षं मी ते उद्यावर ढकलत आलो, आता ते तिच्या गळ्यात. जावयाने भांड्याला हात लावू नये. त्याने गाळलेली दारू मी प्यायलो आहे.

२. फावडं आणि पहार. माझा खड्डा याच फावड्याने खणावा, नंतर ते स्मशानभूमीत जो कोणी असेल त्याला द्यावं. दांडा अक्रोडाचा आहे, दोनदा बदलला आहे.

३. स्मशानात तुरुंगातल्या मेलेल्यांची रांग आहे, तिथलं डाळिंबाचं झाड. ते कायद्याने माझं नाही, पण लावलं मी आणि पाणी घातलं मी. शेजारी झेफ याने वीस वर्षं त्याची फळं चोरून खाल्ली आणि वर मलाच म्हणायचा, "प्रेंक, मेलेल्यांच्या डोक्यावर बाग लावतोस, लाज वाटत नाही का रे?" झेफ, मी तुला माफ केलेलं नाही. ते झाड का लावलं हे तुला पुढच्या कलमात कळेल, मग बघ डाळिंब गोड लागतं का.

४. या कलमासाठीच हा कागद लिहिला आहे.

सन १९४६ मध्ये कम्युनिस्ट सरकारने आमचे बिशप लाझर यांच्यावर खटला चालवला. आम्ही त्यांना इम्झोत म्हणायचो. आरोप असा की त्यांनी वेदीखाली बंदुका लपवल्या. वेदी रोज मी झाडायचो. तिथे मेणबत्त्यांची खोकी होती आणि एक फुटकी घंटा. अधिकारी म्हणाला, "तू काही केलंस असं कुठे लिहिलंय? तू नुसतं पाहिलंस, एवढंच. कर सही आणि जा घरी." मी केली. न्यायालयात उभं राहून मोठ्याने बोललोही. इम्झोतना शेवटी काही बोलायचं आहे का असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "प्रेंकला लवकर सोडा. त्याच्या बायकोचे दिवस भरलेत." वितोरे, तू चार दिवसांनी जन्मलीस. तुझ्या आईने मला काही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मक्याची भाकरी ती वाढत राहिली, मी खात राहिलो.

इम्झोत तुरुंगात गेले आणि बक्षीस म्हणून मला स्मशानातली नोकरी मिळाली. तुरुंगातून प्रेतं घोंगडीत गुंडाळून गाडीतून दिवसाढवळ्या यायची. क्रूस नाही, नाव नाही, असा हुकूम होता. आमच्याकडे माणसाला पाय पूर्वेला करून पुरतात. पाद्र्याला उलट, डोकं पूर्वेला, म्हणजे शेवटच्या दिवशी उठल्यावर त्याचं तोंड आपल्या लोकांकडे असतं. एवढं मी माझ्या बापाकडून शिकलो होतो.

सन १९४८ च्या जानेवारीत एक म्हातारा आला. पांढरी दाढी छातीपर्यंत, चेहरा सुजून ओळखू न येणारा. मला वाटलं, इम्झोतच. मी त्यांना पाद्र्यासारखं ठेवलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

अकरा दिवसांनी दुसरा म्हातारा आला, दाढी केलेला. मी त्याला खाली उतरवला, इतरांसारखाच. माती टाकताना घोंगडी सरकली आणि डावा हात दिसला. हातावर भाजल्याची तीन डागांची खूण होती. ती मी केलेली. धुपाटणं देताना माझ्या हातून निखारे सांडले होते आणि इम्झोत म्हणाले होते, "काही नाही रे बाळा, प्रार्थना चालू ठेव." तुरुंगात पहिल्याच दिवशी सगळ्यांची दाढी उतरवतात, हे मला ठाऊक होतं. पण मी त्यांना दाढीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं.

मी खड्ड्यात उतरून त्यांना फिरवू लागलो. पहाऱ्यावरचा हायदर ओरडला, "काय चाललंय तिथे?"

"डोक्याकडे दगड लागतोय."

त्याने वाकून पाहिलं. दगड नव्हता. म्हणाला, "मग नीट फिरव. अर्धवट काम करू नकोस." आणि पाठ करून उभा राहिला.

पहिला म्हातारा कोण, हे मार्चमध्ये कळलं. वरच्या डोंगरातला खेचरवाला, रेजेप, मुसलमान. पकडला त्याच दिवशी मेला, म्हणून दाढी राहिली. त्याची बायको दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. "पांढरी दाढी, भाऊ. तुझ्या हातून मातीत गेला असेल तर एवढंच सांग, कुठे आहे?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या कबरीबद्दलही बोलावं लागलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर मला भीती वाटली. ती तीनदा आली. नंतर आली नाही.

डाळिंब इम्झोतच्या पायाशी आहे. रेजेप तिथून उजवीकडे चौथा.

५. आता ते सरकार गेलं आणि त्यांनी बंद केलेलं चर्च पुन्हा उघडलं आहे. मंगळवारी दोम निकोल, आमचे नवे पाद्री, ती रांग खणणार आहेत. माझ्या अंगणात कॉफी पिताना म्हणाले, "प्रेंककाका, सोपं आहे. डोकं पूर्वेला असलेला सापडला की तेच इम्झोत. लगेच वेदीखाली ठेवू." उजव्या टोकाकडून सुरुवात करणार आहेत. म्हणजे आधी रेजेप सापडेल. मी त्यांना आणखी कॉफी हवी का एवढंच विचारलं.

६. इम्झोतना नेल्यावर जो खड्डा मोकळा होईल त्यात मला घालू नये, खणायचे श्रम वाचतात म्हणूनही नाही. मला रांगेच्या शेवटी, पाय पूर्वेला.

७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. मी मंगळवारपर्यंत मरेन असं डॉक्टर म्हणत नाहीत. म्हणून हे येत्या रविवारी चर्चमध्ये, मी पहिल्या बाकावर बसलेला असताना, सगळ्यांसमोर वाचावं. कलम चार वगळू नये. वितोरे, तुला माझ्या शेजारी बसायची सक्ती नाही.

गुरीबार्ध, शुक्रवार, दिनांक २२ ऑक्टोबर १९९३.

सही: प्रेंक मार्कू

साक्षीदार पहिला: दोम निकोल. वाचलं. दोन वेळा वाचलं.

साक्षीदार दुसरा: बायराम, रेजेप खेचरवाल्याचा मुलगा, वय पंचावन्न. यांना मीच, प्रेंकने, निरोप पाठवून बोलावलं. वाचून झाल्यावर त्यांनी "उजवीकडे चौथा?" एवढंच विचारलं. ते उठून स्मशानात गेले, तासाभराने परत आले, हात धुतले आणि सही केली.