भिंतीच्या जागी माझी कबर

मी, लीलाबाई भगवंतराव देशमुख, वय एक्याऐंशी, धर्म ख्रिस्ती, राहणार मिशन कंपाउंडमागे, अमरावती, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्या धाकाला किंवा गोडबोलेपणाला न भुलता, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. ते म्हणाले, बुद्धी शाबूत आहे, गुडघ्यांची हमी देत नाही. मसुद्याला अॅड. नीलम यांना मुद्दाम अकोल्याहून बोलावलं. इथला वकील केला असता तर रविवारच्या उपासनेपर्यंत सगळा मजकूर गायनमंडळाला तोंडपाठ झाला असता.

१. मला मूलबाळ नाही. यजमान भगवंतराव वारले. आमचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालं. शेंडी गेली, देव्हारा गेला, देशमुखी मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्यात भिजलीसुद्धा नाही. प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्या मंडळीत फिरायचा, तेव्हा आमचे हे पहिल्या बाकावर. तो बाक चुकला की यांना हटकून ताप भरायचा. माझ्यावर मात्र फार जीव होता त्यांचा, आणि माझाही त्यांच्यावर. हे कायद्याला लागत नाही, तरी राहू द्यावं.

प्याला शेवटच्या बाकावर पोचायचा तेव्हा तिथे सुंदराबाई असायची. दवाखान्यात आम्ही दोघींनी एकाच वॉर्डात नोकरी केली, एका डब्यात जेवलो. रविवारी मात्र ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली. करोनानंतर ज्याची त्याची छोटी पेली आली. पहिल्या बाकानं त्या रोगाचे मानले तेवढे आभार देवाचे मानल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

२. नाताळच्या नाटकातली मरियेची निळी साडी माझी आहे, मी शिवून दिलेली. ती सुंदराबाईची नात दीक्षा हिला द्यावी. मरियेचं काम नेहमी गोऱ्या पोरीला. दीक्षा सावळी, म्हणून तिला उंटाचा मागचा भाग. एका वर्षी मरिया झालेली रागिणी ऐन मंचावर, देवदूतापुढे, संवाद विसरली. तेवढ्यात उंटाच्या पोटातून आवाज आला, "पाहा, मी प्रभूची दासी!" पाळकसाहेब उठून उभे राहिले, त्यांना वाटलं चमत्कार झाला. मी इतकी हसले की माझी कवळी भजनाच्या पुस्तकावर पडली. यापुढे साडी कोण नेसणार ते दीक्षा ठरवील.

तो गोणपाटाचा उंट, मागचा भाग, माझा पुतण्या कुलदीप याला द्यायचा होता. नाटकाची निवड तोच करतो, तो मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, सेक्रेटरी आहे. पण तो इथे साक्षीदार आहे, आणि नीलमताई म्हणतात की साक्षीदाराला काही देता येत नाही. उंट थोडक्यात बचावला.

३. आता मुख्य गोष्ट. आमच्या दफनभूमीत कंबरेएवढी भिंत आहे. अलीकडे आम्ही, पलीकडे बाभळीत सुंदराबाईची माणसं. दोन्हीकडच्या दगडांवर एकच ओळ, 'प्रभूमध्ये निद्रिस्त'. एकाच प्रभूत झोपलेल्यांना मध्ये भिंत कशाला, असं मी यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "झोपेत लाथ लागते."

तर माझी कबर भिंतीच्या जागीच खणावी. बरोबर मधोमध, जिथे उजव्या हाताला भगवंतराव येतील आणि डाव्या हाताला सुंदराबाईची जागा राहील. लाथ लागली तर मला लागेल. त्यासाठी भिंत पाडावी लागेल, पुरती. उरलेल्या विटांचा चबुतरा बांधावा आणि मातीला आलेल्या सगळ्यांना तिथे एकाच किटलीतला चहा द्यावा, साखर पुढे, गोडमिट्ट.

४. वरीलप्रमाणे झालं तर माझं राहतं घर मंडळीला द्यावं. तिथे हॉल काढायचा कुलदीपचा बेत मला माहीत आहे, त्यावर लावायची 'देशमुख सभागृह' ही पाटीही मी पाहिली आहे. भिंतीची एक वीटही जागेवर राहिली तर घर दीक्षाचं. मग तिनं तिथे उंट पाळला तरी माझी हरकत नाही. व्यवस्थापक म्हणून नीलमताई काम पाहतील.

५. सुंदराबाईला मी काहीच देत नाही. आमचं बोलणं झालं. मी म्हटलं, "साक्षीदार झालीस तर तुले काही मिळत नाही. वस्तू पायजे का सही?"

ती म्हणाली, "वस्तू ठेव तुयापाशी. जलमभर सगळ्यायच्या मांगून प्याली मी. एक डाव तरी पयलं नाव माहं येऊ दे."

हे ऐकून मला रडू आलं. ती म्हणाली, "रडून नोको राहू, कागद भिजीन."

ता.क. पुढचं माझ्या हातानं, सह्या होता होता. कुलदीपला आत्ताच बोलावलं. साक्षीदारानं मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, आणि त्यानं घर एवढा शब्द ऐकताच पेन काढलं. मग वरचं नाव पाहून थबकला. "काकू, इच्या खाली सही कावून करू मी?"

मी म्हटलं, "घर पायजे ना मंडळीले?"

सुंदराबाईनं सावकाश, पूर्ण नावानं सही केली. तोवर तो उभा होता.

स्थळ: अमरावती
दिनांक: ३ डिसेंबर २०२४

लिहून ठेवणार: लीलाबाई भगवंतराव देशमुख (सही)

आम्हा दोघांसमक्ष लीलाबाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही:

साक्षीदार पहिली: सुंदराबाई शांतवन तायडे (सही)

साक्षीदार दुसरा, तिच्या मागून: कुलदीप देशमुख (सही)