व्याह्यांच्या हातातली बाटली

चोपडा, १२ डिसेंबर १९७२

तीर्थस्वरूप नाना यांसी,

धाकट्या भावाचा, पितांबरचा साष्टांग नमस्कार (कंबरेला पट्टा असल्याने मनातूनच वाकलो आहे). वहिनींचा दमा आणि तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. मी बरा आहे. नळी निघाली!

केळीच्या गाडीवरून पडलो, पाठीची शीर दबली आणि लघवी साठली तरी मला पत्ता लागेना, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हापासून ही रबराची नळी. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, मूत्राशयातला दाब मोजू. आत हळूहळू पाणी सोडायचे, शेजारच्या उभ्या काचनळीत दाब दिसतो. मी फक्त जाणवले की सांगायचे. जाणवले नाही तर शीर गेली, नळी जन्मभराची.

आता घोटाळा ऐका. आमच्या लताचे सासरे झुलालआबा मला स्वतःच्या जीपमधून घेऊन आले होते. दवाखान्यातला स्टँड मोडलेला, म्हणून पाण्याची बाटली आबांनीच उंच धरली. नाना, मुलीचा सासरा माझ्यासाठी हात वर करून उभा, आणि मी उघडा पडून सांगू की मला लघवीला लागली? डॉक्टर विचारीत, "काही जाणवतंय?" मी म्हणे, "छे छे, सगळं आनंदात." खरे तर कळ आली होती, आणि इतक्या दिवसांनी ती आल्याने मला रडू फुटत होते, पण व्याह्यांपुढे मुलीच्या बापाने कुरकुर करायची कशी? काचनळीतले पाणी चढत होते, डॉक्टरांचा चेहरा उतरत होता. शेवटी ते आबांना हळूच म्हणाले, "शीर गेलेली दिसते."

तेव्हा मात्र सोयरीक, मर्यादा सगळे उडाले. मी थेट आपल्या अहिराणीत ओरडलो, "डाक्टर, आते ऱ्हावत नही! बठ्ठं फुटी जाई!" डॉक्टरांनी टाळीच वाजवली. आबा दचकले, बाटली सुटली आणि त्यांचे धोतर भिजले (बाटलीतल्याच पाण्याने). तिथेच नळी काढली. आज सकाळी मी आपल्या पायांनी मोरीत गेलो आणि बराच वेळ बाहेरच आलो नाही. इतका सुखी मी लताच्या लग्नातही नव्हतो.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
पितांबर

ता. क. : परतताना आबा "इंजिन तापलं" म्हणत सारखी जीप थांबवून झुडपाआड जात होते (डिसेंबरात!). सोनगीरच्या पुढे त्यांनी हळूच विचारले, नळी घालताना फार दुखते का. मी समजलो, पण बोलणार कसा? तुम्ही काहीतरी निमित्त काढून त्यांना धुळ्याला न्याच.

आणखी एक : तुम्ही मात्र बाहेर बाकावर बसा. तुम्हीही मुलीकडचेच, तुमच्यासमोर आबा फुटतील, पण कबूल करायचे नाहीत.