सोमवारची तीन वाक्यं

३ मार्च

चि. चिमणीस काकांचे अनेक आशीर्वाद.

तुझी सोडवलेली वाक्यं पोचली. वेळेला अॅट, वाराला ऑन, महिन्याला इन, हे पाठ म्हणतेस आणि पुन्हा ‘अॅट फ्रायडे’ लिहितेस! पालथ्या घड्यावर पाणी गं बाई. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता मी इंग्रजी शिकलो, तेही एकाच नियमावर: सरावाचं वाक्य खरं असावं. खोटं वाक्य डोक्यात टिकत नाही. आता या तीन जागा भर:

माय ऑपरेशन इज ____ मंडे.
दे विल टेक मी इन ____ एट ओ’क्लॉक.
आय हॅव बीन इल ____ जानेवारी.

सतरा तारखेच्या सोमवारआधी उत्तर यावं. तुझी नर्सिंगची इंग्रजी परीक्षा एकोणीसला. नर्सची टोपी घातलेली तुला बघायची आहे. काकू म्हणते, मी मूळ सांगायचं ते सोडून शिकवणीच लावतो. तिचं मनावर घेऊ नकोस.

लोभ आहेच, अभ्यासही असू दे.
तुझा काका

१० मार्च

ती. काकांना शि. सा. न.

ऑन, अॅट, सिन्स! यावेळी एकही चूक सापडायची नाही. कामाची पाळी संपवून बसथांब्यावर उभ्याउभ्याच सोडवली. आणि काका, परीक्षेत ऑपरेशनचीच वाक्यं येतात, तुम्हाला कसं कळलं? पुढची अशीच पाठवा. काकूंना म्हणावं, शिकवणी चालू द्या.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची चिमणी

२० मार्च

चि. चिमणीस काकूचे आशीर्वाद.

परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. काल ती झाली, म्हणून आज लिहिते.

तुझं पत्र शनिवारी आलं. त्यांनी लाल पेन मागितलं, तिन्ही वाक्यांवर खुणा केल्या आणि म्हणाले, पोरगी पास होणार. मी म्हटलं, अहो, तिनं जागा भरल्या, वाक्य वाचलंच नाही. तर म्हणाले, बरंच झालं, वाचलं असतं तर परीक्षा टाकून आली असती. मग लाल पेनाला टोपण लावलं. म्हणाले, पण आली असती.

सोमवारी आठला त्यांना आत नेलं. दुपारी डॉक्टर एकटेच बाहेर आले.

स्वतःला दोष देऊ नकोस. सांगायचं धाडस त्यांनाही नव्हतं, आणि मी शपथ मोडली नाही. ये, पोरी. घर खायला उठतं.

तुझा कागद सोबत ठेवला आहे. तिन्ही बरोबर आहेत.

तुझी काकू