शेपटीवरची खाच

३ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

तुला गुहेत सापडलेल्या चाबूक-विंचवाला तू बायकोचं नाव देणार, हे मला आई शेजारणीला सांगत होती तेव्हा कळलं. ‘माझ्या लेकानं शोधला’ हे तिनं तीनदा सांगितलं. शाब्बास! पाल दिसली की खुर्चीवर चढणाऱ्या बाईचं नाव त्या बिनडोळ्यांच्या जिवाला!

लहानपणी दगड मी उलटायचे, तू मागे उभा राहून भोकाड पसरायचास. आताही संग्रहालयात बसून चित्रं काढली मी. तांदळाएवढा तो नर, त्याची आखूड शेपटी सूक्ष्मदर्शकाखाली बघून बघून मान आखडली. आणि मान मिळाला राणीसरकारांना! जळफळाट झालाय, उघड लिहिते. पोरांचा खोकला गेला का?

तुझ्यावर अजून तरी लोभ असलेली,
ताई

१० मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खोकला गेला. तुझं पत्र वाचून ही पोट धरून हसली.

अगं, वर्णन लिहिणाऱ्यानं प्राण्याला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्यात शिरस्ता आहे. आणि या वर्णनाच्या लेखावर माझ्याआधी तुझं नाव आहे. छापून आल्यावर दाखवणार होतो, पण तुला कुठला धीर! मी जुनीच जात समजून बाटली कपाटात ठेवून दिली होती. शेपटीवरची खाच तुला दिसली, म्हणून तर ही जात नवी ठरली.

तरी हट्टच असेल, तर लेखातून तुला काढतो आणि विंचवाला तुझं नाव देतो. हिची हरकत नाही, उलट सुटले म्हणते. लवकर कळव.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

खबरदार मला काढलंस तर! चौकशी केली. प्राण्याच्या नावामागे वर्णन करणाऱ्यांची नावं लावतात म्हणे. म्हणजे जन्मभर पुढे राणीसरकार आणि त्यांच्या मागोमाग मी! असो, तुझ्या तरी पुढे आहे. तिला म्हणावं, फार हसू नकोस.

एक काम कर. खाच मला दिसली, हे आईला पत्रानं कळव. मी सांगून पाहिलं. ‘हो का,’ म्हणाली, आणि तू जेवतोस ना वेळेवर, ते विचारलं. तू लिहिलंस तर तिला खरं वाटेल. पत्र तिला मीच वाचून दाखवते, तेव्हा जरा लांबलचक लिही.

लोभ आहेच, आईच्या वाटणीचा तेवढा इकडे पाठव.
ताई