मागच्या उतारावरच्या आमरीबाबत

मी, सायकली दुरुस्त करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, गुडघे सोडल्यास बाकी सगळं जागेवर असताना, कोणी भरीस न घालता स्वहस्ते लिहून ठेवतो की:

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीची. जावयाने भिंतींना रंग द्यावा, मला दिले तसे सल्ले देऊ नयेत.

२. दुकान, पाने, पंप माझ्या कारागिराला. डगमगत्या चाकाचा आऊट तो माझ्यापेक्षा चांगला काढतो. तोंडावर कधी सांगितलं नाही, डोक्यावर बसला असता.

३. घरामागचा उतार. इथे जमिनीतून उगवणारी पांढरी आमरी, म्हणजे ऑर्किड, आहे. आसपास आता फक्त इथेच उरली, असं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या बाई सांगतात. वर्षातले आठ महिने ती कंद होऊन मातीखाली झोपते. मुलगी म्हणते, "बाबा, तिथे काहीच नाहीये हो, गाडीसाठी फरशी घालू." आहे गं बाळ, आहे.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने ऐन फुलात तिथलं गवत कापलं, आमरीसकट. मी त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोललो. "दादा, गवतच वाटलं रे," एवढंच तो म्हणाला. तिथून अबोला. विळ्यातून सुटलेली अकरा रोपं मी खणून कुंड्यांत लावली, खत घातलं, लाड केले. सगळी कुजली. बाई म्हणाल्या, "काका, तिला तिच्याच मातीतली बुरशी लागते." आणि भावाने कापलेली? पुढच्या वर्षी जिथल्या तिथे हजर. त्याने एक बहर घालवला, मी अकरा जीव. हे कळूनही मी मूग गिळून बसलो.

तेव्हापासून दरवर्षी बी सांडल्यावर कोणीतरी उतारावरचं गवत कापून जातं, आणि प्रत्येक रोपाशी सायकलचा जुना स्पोक खोचलेला असतो. कोण, ते मी विचारलं नाही. हात ओळखू येतो.

सबब उतार धाकट्याला. खणू नये, खत घालू नये, फरशीचं नावही काढू नये.

४. साक्षीला मी त्यालाच बोलावलं. आला, पेन उघडलं. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

"मला? मला काय मिळायचंय?"

मी कागद पुढे सरकवला. सावकाश वाचून म्हणाला, "दादा, अकरा नव्हे, बारा. तू खणलेले खड्डे मोजलेत मी."

तरी वर जिथे अकरा लिहिलं आहे, तिथे बारा वाचावे.

साक्षीदार: शेजारची शिंपीण, वनस्पतीशास्त्राच्या बाई
स्थळ: मागच्या दाराची पायरी, दोघे भाऊ बसून
दिनांक: २३ जुलै, पहिली कळी दिसली तो दिवस
सही