सुटका झालेल्यांची वाटणी

अमरावती,
१८ जानेवारी २०२५

चि. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम. वि. वि.

मोबाईलवर तू ‘हो, हो’ म्हणत कॉलेजात शिकवायला पळतेस, म्हणून पत्रच टाकते. पत्रावर निदान नीट भांडता येतं. तुझे बाबा गुडघ्याला तेल लावतात की नुसते बाटलीकडे बघत बसतात, ते कळव.

इकडची मोठी बातमी म्हणजे घरात मुलगी आली आहे. अंजनगाव सुर्जीच्या बाजूला एका वीटभट्टीवर धाड पडली. मेळघाटातली कुटुंबं तिथे बांधून घातल्यासारखी राबत होती. त्यातली ही चंदा, बारा वर्षांची. सोडवणाऱ्या संस्थेच्या ताईंनी विचारलं, एक लेकरू ठेवता का, जूनमध्ये शाळेत घालू. मी मागेपुढे पाहिलं नाही. सारी नोकरी शाळेत गेली माझी, रिकामं घर खायला उठतं. पोर गुणाची आहे. माझ्याआधी उठून अंगण झाडते, आणि भाकरी अशी पातळ थापते की मला लाज वाटावी. परवा बुद्धवंदना घेऊन तिचं नाव सुजाता ठेवलं. नवं आयुष्य, नवं नाव.

तुझं गुलामांच्या जहाजांचं प्रदर्शन कधी आहे? बोलावलं नाहीस तर याद राख. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
माधवी आत्या


जठारपेठ, अकोला,
२६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

बाबा तेल लावतात, पण मी समोर उभी राहिले तरच.

प्रदर्शन फेब्रुवारीअखेर आहे, पण त्यातल्या एका भिंतीवरून माझं प्राचार्यांशी वाजलं आहे. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांचं नौदल समुद्रात चोरून गुलाम नेणारी गलबतं पकडायचं. आफ्रिकेतून पळवलेली माणसं, त्यात कितीतरी लेकरं, मुंबईच्या धक्क्यावर उतरायची. सरांना प्रदर्शन इथेच संपवायचं आहे, बेड्या तुटल्या की टाळ्या. मी म्हटलं, सर, खरी गोष्ट तर इथून सुरू होते.

त्या लेकरांची वाटणी झाली, आत्या. कुणी मिशनमध्ये, कुणी मुंबईतल्या प्रतिष्ठित घरांत वरकामाला. दूरच्या बेटांवर तर सुटलेल्यांनाच करारात अडकवून वर्षानुवर्षं मळ्यांत जुंपलं. बऱ्याच जणांना नवी नावं दिली. तुझं गाव कोणतं, तुझी आई कुठे, हे विचारायला फारशी कुणाला सवड झाली नाही. ठेवून घेणाऱ्यांना मात्र आपण उपकारच करतोय असं वाटत होतं. वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आता रागावलीस तर रागाव, पण लिहिते. चंदाला कुणी विचारलं का, तिला कुठे जायचं आहे ते? सुटलेली पोर तुझ्याआधी उठून अंगण का झाडते? मी तिला चंदाच म्हणणार.

पत्राने भांडण झालं तरी माया कमी होऊ नये, ही विनंती.

तुझी,
दीपमाला


अमरावती,
२ फेब्रुवारी २०२५

दीपमाला हिस,
जय भीम. आशीर्वाद पुढच्या पत्रात, मन झालं तर.

तुले काय वाटते, मी गोरी मड्डम आहो? एवढं वऱ्हाडीत लिहिलं, कारण शुद्ध भाषेत मला नीट रागावता येत नाही. छप्पन साली माझे वडील नांदगाव खंडेश्वरहून नागपूरला दीक्षेला गेले. दुसऱ्याच्या दारात राबणं म्हणजे काय, हे आपल्या घराला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. चंदा माझ्या ताटाला ताट लावून जेवते, पलंगावर झोपते. झाडू मी तिच्या हाती दिला नाही, तिनेच घेतला. तिला आईबाप नाहीत, असं ताईंनी सांगितलं आहे. आणि नावाचं म्हणशील, तर तुझ्या आजोबांनीही जुनं नाव टाकलंच होतं.

तुझ्या समाधानासाठी तिलाच विचारते. मग माफी मागायला ये, आणि येताना जिलबी आण.

आत्या


अमरावती,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून. सप्रेम जय भीम. वि. वि.

जिलबी नको. चंदा तिच्या आईकडे पोचली आहे.

मी विचारलं तेव्हा काही चुकलं असं वाटून ती झाडू आणायला उठली. हात धरून बसवलं, तेव्हा गावाचं नाव सांगितलं आणि आई आहे म्हणाली. ताईंना फोन केला. मोठ्यांना ट्रकने गावी पाठवलं, लेकरं शिक्षणासाठी ठेवून घेतली, असं त्या म्हणाल्या. आईबाप नाहीत म्हटलं की घरं लवकर मिळतात, हे तर त्यांनी हसत सांगितलं. आयुष्यात इतका संताप मला कधी आला नव्हता. त्यातला अर्धा माझ्यावरच होता. तुझ्या आजोबांनी जुनं नाव स्वतः टाकलं होतं. हिचं मी टाकलं, तिला न विचारता.

त्याच भट्टीवरच्या आणखी काही मुली इथे अमरावतीत आहेत, सगळ्या माझ्या ओळखीच्या, शिकल्या-सवरल्या घरांत. उद्या बालकल्याण समितीत तक्रार देते, आणि मग त्या घरांत जाते. आमच्याकडे तिला काय कमी आहे, असंच सगळे म्हणतील. म्हणू देत. तू तुझी भिंत पूर्ण लाव. सर अडवू लागले तर सांग, आत्या तुमच्याशी भांडायला येऊन राहिली आहे.

एक गोष्ट लिहायची हिंमत होत नव्हती, ती लिहून थांबते. परतवाड्याहून एसटीने आम्ही दोघी मेळघाटात सेमाडोहच्या पुढे उतरलो. आईने पोरीला पाहिलं, पण जवळ घेतलं नाही. आधी माझ्या पाया पडली. मग मोडक्या हिंदीत विचारू लागली, की पोर आणखी किती वर्षं माझ्याकडे कामाला राहायची आहे, आणि तिच्या बदल्यात ती स्वतः आली तर मला चालेल का. ती म्हणाली, भट्टीवर निदान दोघी एका झोपडीत होतो.

तुझी,
माधवी आत्या